ॲडजस्ट कोणी व्हायचं?

मागच्या तिमाही बैठकीत विषयपत्रिका संपली, चहा आला आणि माझ्या नव्या सायकलीचा विषय निघाला. आधी थट्टा झाली, मग वाद झाला. आमच्या एक ज्येष्ठ ताई आहेत. मोर्चाची परवानगी कशी काढायची इथपासून पंचनामा कसा वाचायचा इथपर्यंत सगळं मी त्यांच्याकडून शिकले. त्या म्हणाल्या, "सातपुड्याच्या पायथ्याच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन ज्या वाटेने उतरतात, त्या वाटेवर तू गिअरची सायकल घेऊन हिंडतेस. हौस आहे तर हौस म्हण. तिला चळवळीची साडी नेसवू नकोस."

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे. ताईंच्या बोलण्यात खरं होतं तेवढं मी पुढे मान्य करणारच आहे. पण मैत्रिणींनो, त्याआधी माझी पूर्ण हकीकत ऐकून घ्या. कारण ती सायकलीपुरती नाही.

आमचं फैजपूर तुम्हाला माहीत असतं ते १९३६ च्या डिसेंबरातल्या काँग्रेस अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. गावात कुणीही पाहुणा आला की त्याला हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं जातं. दक्षिणेला तापीकडे काळी जमीन आणि केळीच्या बागा, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. न्हावी, मारूळच्या शिवारातून उत्तरेला जाऊ लागलात की काळी माती संपत जाते आणि डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-मुरमाची जमीन लागते. मधे पाटाचे कच्चे रस्ते, गाडरस्ते, बांध, मोर नदीचं उन्हाळ्यात कोरडं पडणारं पात्र. डोंगरी सायकल चालवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पुढे यावल अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय जायचं नसतं. मी जातही नाही. माझी फेरी साधारण अकरा किलोमीटरची, रविवारी पहाटेची. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा नऊच्या आत घरी यावंच लागतं.

सायकल घेतली जवळच्या शहरातून. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ५४ किलो. दुकानदाराने दोन्ही विचारलं नाही. त्याने माझ्या नवऱ्याकडे बघून विचारलं, "साहेब, बजेट किती?" नवरा म्हणाला, "सायकल हिला घ्यायची आहे, पैसे पण हिचेच आहेत." दुकानदार हसला आणि दाखवायला घेऊन गेला ती फुलाफुलांची, पुढे टोपली असलेली. मी म्हटलं, मला डोंगराच्या वाटेने जायचंय. मग त्याने अठरा इंची फ्रेमची एक काढली. शिल्लक तेवढीच होती. "चालेल मॅडम, थोडं ॲडजस्ट व्हाल तुम्ही."

हा शब्द मैत्रिणींनो लक्षात ठेवा.

पहिले तीन रविवार मी ॲडजस्ट झाले. पहिल्या रविवारी गुडघे दुखले. दुसऱ्या रविवारी मनगटं आणि खांदे. पाटाच्या उतारावर ब्रेकचा दांडा पकडायला बोटं पुरेनात, म्हणून पूर्ण पंजा सरकवावा लागला आणि हॅन्डल हातातून सुटता सुटता राहिलं. तिसऱ्या रविवारी मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला. तो सोमवारी सकाळपर्यंत राहिला. ही गोष्ट आपण एकमेकींतही बोलत नाही. मी घाबरले होते आणि कोणाला सांगावं ते कळत नव्हतं. शेजारच्या काकूंनी मात्र न सांगता ओळखलं, "बाईच्या जातीला नाही झेपत व माय ते." आणि मला, एम.एस.डब्ल्यू. झालेल्या, दहा वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम केलेल्या बाईला, ते पटलं! मी सायकल विकायला काढली. घरातल्यांनी, "आम्ही म्हणतच होतो," हे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं.

विकली नाही याचं कारण साधं आहे. त्याच आठवड्यात आमच्या समुपदेशन केंद्रात एक मुलगी आली होती. सासरचे लोक, माहेरचे लोक, मध्यस्थ, सगळे एकच सांगत होते, "थोडं ॲडजस्ट कर." मी त्यांच्यावर भडकले. घरी येऊन पुस्तकांच्या फळीवरची माझी जुनी केसवर्कची वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: समायोजन. व्यक्तीचं परिस्थितीशी समायोजन. दोन वर्षं आम्ही हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. परिस्थितीचं व्यक्तीशी समायोजन, असा धडा त्या वहीत मला सापडला नाही. आणि मग अंगणात उभ्या सायकलीकडे बघताना मला हसू आलं. अहो, या यंत्राला तर ॲडजस्ट करण्यासाठी जागोजागी स्क्रू दिलेले आहेत! कारखान्यानेच दिलेत. कोणी ते फिरवलेच नव्हते.

मी टेप घेतली आणि भिंतीला पाठ लावून, दोन पायांत जाड पुस्तक उभं धरून, जमिनीपासून पायाची आतली लांबी मोजली. ७४ सेंटिमीटर. याला ०.८८३ ने गुणायचं, सायकलवाल्यांचा जुना हिशेब आहे. येतं साधारण ६५. पायडलच्या मधल्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंत ६५ सेंटिमीटर हवं. माझं होतं ५७. सीट खाली ठेवली होती ती दुकानदाराने, "मॅडम, पाय टेकले पाहिजेत" म्हणून. बाई पडेल या भीतीने सीट खाली, सीट खाली म्हणून गुडघा वाकलेला, गुडघा वाकलेला म्हणून दुखणं, दुखणं म्हणून बाईला झेपत नाही. बघा कशी साखळी आहे!

मग एक वही केली. नियम एकच: एका रविवारी एकच बदल, फेरी तीच. नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळत नाही. सीट आठ सेंटिमीटर वर घेतली, तर चढ निम्मा झाल्यासारखा वाटला. पण गोट्यांच्या वाटेवर तोल जाऊ लागला, म्हणून दोन सेंटिमीटर परत खाली. पुढच्या आठवड्यात सीटचं टोक किंचित खाली झुकवलं, बधिरपणा गेला. एवढंच करायचं होतं! तीन आठवडे मी स्वतःच्या शरीराला दोष देत होते आणि उपाय होता एका बोल्टात. ब्रेकच्या दांड्याला आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, दोन मिलिमीटरच्या ॲलन-कीने फिरतो. तो फिरवला की दांडा हॅन्डलजवळ येतो. आता दोन बोटांत ब्रेक लागतो. हॅन्डल माझ्या खांद्यांपेक्षा फारच रुंद, ७२० मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर वेल्डिंगवाल्याकडून कापून घेतलं. तो म्हणाला, "नवी गाडी कापून राहिल्या का ताई?" हॅन्डल जोडणारा पुढचा तुकडा आखूड घातला, तेव्हा पाठ सरळ झाली.

हवेची गंमत वेगळी. दुकानातून आली तेव्हा टायर दगडासारखे, ५० पौंड हवा. गोट्यांवर सायकल चेंडूसारखी उडायची. माझ्या वजनाला एवढी हवा लागतच नाही. कमी करत करत वीसवर आणली, आणि मोरच्या पात्रात ट्यूब रिंगेत चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडली. पंक्चरवाला म्हणाला, साप चावल्यासारखं दिसतं. आता पुढे २६, मागे २८. बाभळीच्या काट्याला मात्र कुठलाच हिशेब चालत नाही. गिअरची चेन पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये दात सोडू लागली. नवी तार ताणली जाते म्हणून तसं होतं. मागच्या गिअरजवळची लहान डबी पाव-पाव वेढा फिरवून दुरुस्त झाली. डिस्क ब्रेक आधी ओरडत होते. सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडवता पंधरा-वीस वेळा हळू केली, तेव्हा शांत झाले.

एक गोष्ट अजून जमलेली नाही, तीही सांगते. पुढच्या शॉकअपची स्प्रिंग. नुसतं सायकलीवर बसलं की तो शंभरातले वीस-पंचवीस मिलिमीटर दबायला हवा. रबर बांधून मोजलं तर माझ्या वजनाने जेमतेम नऊ दबतो. स्प्रिंग माझ्यापेक्षा वीसेक किलो जड माणसाच्या हिशेबाने घातलेली आहे. वरची खुंटी पूर्ण सैल केली तरी फरक नाही. मऊ स्प्रिंग मागवली आहे, अजून आलेली नाही. म्हणजे सगळंच स्क्रूने सुटतं असं नाही. काही गोष्टी घडवतानाच कोणाला तरी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या असतात, आणि ती कोणीतरी आपण नसतो.

म्हणून गुलाबी रंगाची "लेडीज" डोंगरी सायकल काढा असं माझं म्हणणं आहे का? अजिबात नाही. उंच बायका असतात, बुटके पुरुष असतात. मला मापं हवीत, दुकानात टेप हवी, आणि "तुम्ही ॲडजस्ट व्हाल" म्हणणाऱ्याच्या हातात पान्हा हवा. तामिळनाडूत पुदुकोट्टईला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांनी सायकल शिकण्याची लाट आली. शीला रानी चुंकत कलेक्टर होत्या. लाखाच्या घरात ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथांनी त्यावर लिहिलं आहे. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की तिथल्या काही बायकांनी मुद्दाम दांडीची, "जेन्ट्स" सायकल पसंत केली. का? दांडीवर पोर बसवता येतं! बाईला काय सोयीचं, हे कारखान्याला नाही, बाईला कळतं.

ही डोंगरी सायकल मुळात आली कुठून तेही बघा. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात काही टवाळ पोरं जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली हाणायची. मागे पायडल मारून लावायचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं. प्रत्येक उतरणीनंतर चाक उघडून परत ग्रीस भरायचं, म्हणून त्या वाटेचं नावच पडलं 'रीपॅक'. म्हणजे ही सायकल कुठल्या आराखड्याच्या टेबलावर जन्मली नाही. चालवा, मोडा, उघडा, बदला, परत चालवा, यातून जन्मली. त्या टोळक्यात वेंडे क्रॅग नावाची बाई जवळजवळ एकटी होती. ती उतरायचीही आणि फोटोही काढायची. त्या काळाची आज जी छायाचित्रं आहेत त्यांतली कितीतरी तिची. १९९६ साली अटलांटाला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हा पहिल्याच वर्षी बायकांची शर्यतही होती. आपल्याकडे संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांतून पदकं घेऊन आली आहे. तेव्हा झेपण्या-न झेपण्याची चर्चा आता पुरे.

तरीही ती पुरे होत नाही, कारण तिच्याखाली दुसरीच भीती आहे. १८९७ साली केंब्रिजला बायकांना पदव्या द्यायच्या की नाही यावर मतदान होतं, तेव्हा विरोध करणाऱ्या पोरांनी रस्त्यावर काय टांगलं? सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा! पुस्तक घेतलेल्या बाईचा नाही. सायकलवरची बाई कुठे जाते ते विचारता येत नाही, हेच खरं दुखणं. आमच्याकडे त्याच दुखण्याला "मुलीचं काही बिघडेल" म्हणतात. आयांनो, सायकलने बिघडेल असं काही तिथे नसतं. त्या पडद्यावरून कोणाचं काहीच सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१८ साली कौमार्य चाचणी बंद करा असं बजावलं, आणि बलात्काराच्या प्रकरणांतली दोन बोटांची चाचणी कोणी केली तर तो गैरवर्तनाचा दोषी, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं. हे घरोघरी सांगायला हवं, सायकल देण्याच्या आधी.

कारण सायकली तर वाटल्या जात आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. मी या योजनेच्या बाजूची आहे. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली असं कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात दिसलं. पण आमच्या किशोरी गटात मी विचारलं, तुमच्या सायकलीची सीट कोणी कधी वर-खाली केली? एकीनेही हात वर केला नाही. तेराव्या वर्षी मिळालेली सायकल, मुलगी सतराची होईपर्यंत वाढते, सीट तिथेच. ब्रेकचा दांडा तिच्या बोटांना पुरत नाही. हवा भरायची तर भाऊ भरणार, आणि पहिलं पंक्चर झालं की सायकल भावाकडे. शाळेत मग लिहिलं जातं: लाभार्थी मुली इतक्या. सायकल मिळाली, तिच्यावरचा ताबा मिळाला नाही. घराचंही असंच, शेताचंही असंच.

माझी मागणी साधी आहे. सायकलबरोबर एक पंप आणि एक पान्हा द्या, तो मुलीच्या हातात द्या, आणि शाळेतला एक तास तिला तो वापरायला शिकवा. दरवर्षी सीट मोजा, जशी उंची मोजता. आणि आपल्या संघटनांनाही सांगते. शिबिरात आपण "सत्ता" या विषयावर दीड तास बोलतो, आणि मागे मांडव बांधणारे, माइक लावणारे, गाडी सुरू करून देणारे सगळे पुरुष असतात. एक भाषण कमी करा, चाक उघडा.

आता ताईंचा प्रश्न. मोळीवाली.

मान्य आहे. माझ्याकडे पगार आहे, जात आहे, रविवारी पोराला सांभाळणारा नवरा आहे. केळीच्या बागांच्या मधून जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी भिंतीसारखा असतो, आत कोण आहे दिसत नाही. मी एकटी जाते तेव्हा मोबाइल आहे, ओळखीचे पोलीस आहेत. दोनदा मोटरसायकलवरची पोरं मागे लागली. मी परत त्याच वाटेने गेले, पण पायथ्याच्या पाड्यावरच्या मुलीला तसं जाता येईल असं मी म्हणणार नाही. तिला तोच रस्ता रोज, न निवडता चालावा लागतो. मला तो निवडता येतो. हा फरक कुठल्याच पान्ह्याने सुटत नाही.

पण ताई, त्या वाटेवर मला खरंच मोळीवाली भेटली आहे. पावरा समाजाची, माझ्या आईच्या वयाची. मी चेन बसवत होते. तिने मोळी झाडाला टेकवली, सायकलीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिला, ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक तिला आवडला. मग मागच्या चाकावरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्यावर मोळी कुठं बांधायची?" कॅरिअरच नाही! हजारो रुपयांच्या यंत्रात काय नाही ते तिने दोन मिनिटांत सांगितलं. माझी परीक्षा घेतली ती तिने. तुम्ही म्हणता, तिच्या वाटेवर हौस करू नकोस. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, मला उपयोगी पडेल अशी कर. हौस फक्त माझी आणि कष्ट फक्त तिचे, अशी वाटणी आपण का करून टाकायची? तिच्या डोळ्यांत ब्रेक दाबताना जे होतं ते मी पाहिलं आहे. तिला नुसतं "कष्टकरी" म्हणून आपण तिची मजा काढून घेतो, हेही मला मागच्या बैठकीत बोलायचं होतं.

कॅरिअर आणलं आहे. फ्रेमला मागे बोल्टाची भोकं आहेत, पण एका बाजूला पट्टी डिस्क ब्रेकला घासते. वेल्डिंगवाल्याने अर्धा इंच बाहेरून वाकवून दिली, आता पंधरा किलो लाकूड बांधून मोरच्या उतारावर बघायचं आहे. मागे वजन आलं की पुढचं चाक चढावर हलकं होतं, म्हणून सीट किंचित पुढे घ्यावी लागेल असं वाटतं. हा रविवार त्यातच जाणार. पुढच्या रविवारी किशोरी गटाच्या मुली आपापल्या सायकली घेऊन येतील, बऱ्याच सीटच्या नळ्या गंजून चिकटल्या आहेत, आदल्या रात्रीच रॉकेल नाहीतर डिझेल घालून ठेवा म्हणून सांगितलंय. ताई, तुम्हीही या. टेप माझ्याकडे आहे, आधी तुमच्या पायाचं माप घेऊ.